परवडणारं पिस्तूल

शेगाव म्हटलं की बाहेरच्यांना दोनच गोष्टी आठवतात : गजानन महाराजांचं मंदिर आणि स्टेशनवरची कचोरी. त्यामुळे ऑफिसच्या कॉलवर मी कधी 'संध्याकाळी रेंजवर असतो' म्हणालो, की पुण्या-बंगळूरची मंडळी आधी मोबाइलच्या रेंजबद्दल बोलतात. पिस्तुलाची रेंज म्हटल्यावर हसतात. आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "लायसन्सचं ना?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधी देऊन टाकतो. आपल्याकडे शस्त्रांचा कायदा १९५९ चा आणि सध्याचे नियम २०१६ चे. काडतूस घालून उडवायचं कुठलंही पिस्तूल परवान्याशिवाय बाळगता येत नाही. हवेच्या दाबावर चालणारं, ४.५ मिलिमीटर व्यासाचं आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेचं पिस्तूल मात्र परवान्याशिवाय घेता येतं. विकणारा तुमच्या ओळखपत्राची नोंद ठेवतो. ऑलिंपिकमधल्या दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात हेच वापरतात. छर्रा साधारण अर्धा ग्रॅमचा, वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास. बारावीचं सूत्र लावलंत तर ऊर्जा पाच-सहा ज्यूल येते. म्हणजे नियमाच्या बरीच आत. पण डोळा फोडायला पाच ज्यूल पुष्कळ झाले, हेही त्याच सूत्रातून कळतं.

आमच्याकडे आहे ते हे असं पिस्तूल. भारतीय बनावटीचं, हवेचं, एका वेळी एकच छर्रा घेणारं. मला पस्तीस हजारांच्या आत पडलं. नामांकित युरोपीय पिस्तुलं दीड-दोन लाखांच्या पुढे जातात. या लेखात मी 'परवडणारं' हा शब्द बऱ्याचदा वापरणार आहे. त्याचा अर्थ पुढे थोडा बदलत जातो.

गोदाम

रेंज म्हणजे माझ्या मावशीच्या घरामागचं जुनं गोदाम. पूर्वी त्यात कापूस असायचा, मग हरभरा, मग नुसतं सामान. वर्क फ्रॉम होम मिळाल्यावर मी पुण्याहून शेगावला परत आलो. त्या वेळी मावसबहीण नववीत होती. पुण्यात असताना मी एका शूटिंग क्लबचा सभासद झालो होतो आणि शनिवारी-रविवारी जात होतो. ते फोटो तिनं पाहिले होते. "दादा, इथं नाही का करता येत?" या एका वाक्यावर आम्ही टेप घेऊन गोदाम मोजलं. आतून अडतीस फूट भरलं. दहा मीटर म्हणजे तेहतीस फुटांना जरा कमी. उभं राहायला जागा उरली, काम झालं.

टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर हवा. मागे जाड लोखंडी पत्र्याची तिरकी पेटी, म्हणजे छर्रा आदळून खालीच पडतो. तिच्यामागे गोणपाटांची थप्पी. टार्गेटकडचं दार आतून कायमचं बंद. येणाऱ्या-जाणाऱ्यानं यायचं ते नेमबाजाच्या पाठीमागून, आणि आधी आवाज देऊन. डोळ्यांवर चष्मा प्रत्येकाला, नुसतं बघायला आलेल्यालासुद्धा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सराव झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय शेवचिवड्याला हात लावायचा नाही. हे सगळे नियम मी एका पुठ्ठ्यावर लिहून टांगले. मावशीनं ते वाचले आणि पुठ्ठ्याकडेच बघत म्हणाली, "इतकं जपा लागते, तं पोरीच्या हाती काहून देऊन राहिला रे?"

याला माझ्याकडे तेव्हा नीट उत्तर नव्हतं. काका म्हणाले, "करू दे, मोबाइलपेक्षा बरं." तेवढ्यावर परवानगी मिळाली. मुदत दहावीच्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत. तोवर बघू, मग ठरवू.

अर्ध्या किलोचं माप

आता पिस्तुलाबद्दल. या पिस्तुलात एक छोटं नळकांडं असतं, त्यात २०० बारपर्यंत हवा भरतात. मोठ्या रेंजवर त्यासाठी सिलिंडर असतो, आमच्याकडे हातपंप आहे. सायकलच्या पंपासारखा दिसतो, पण शेवटच्या टप्प्याला सगळं वजन टाकून दाबावा लागतो. मे महिन्यातल्या शेगावात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, हा व्यायाम करून बघा. त्यानंतर अर्धा तास हात थरथरतो आणि त्या हातानं नेम धरणं अशक्य.

मूठ लाकडाची, उजव्या हाताची, मध्यम मापाची. मला जवळपास बसली. बहिणीच्या हाताला मोठी. अंगठ्याच्या मुळाशी फट राहायची आणि प्रत्येक वेळी पकड वेगळी पडायची. नेमबाज यावर एक जुना उपाय करतात : मुठीवर लाकडात भरायची लांबी थापायची, ओली असतानाच पकडायची, वाळली की पॉलिशपेपरनं घासायची. आमचे यात दोन रविवार गेले. दिसायला मूठ आता भयानक दिसते. पण तिच्या हातात ती चावी कुलपात बसावी तशी बसते.

चापाचा नियम असा की या प्रकारात तो किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा असला पाहिजे. स्पर्धेत पिस्तूल उभं धरून चापाला वजन टांगून तपासतात. आम्ही किराणा दुकानातून अर्ध्या किलोचं माप आणलं, तार बांधली आणि टांगलं. पहिल्याच दिवशी पास. पण चाप सुटण्याआधी मध्येच किंचित खरखरतो, वाळूत चाललेल्या चपलेसारखा. महागड्या पिस्तुलाचा चाप काच तुटावी तसा तुटतो. पुण्यातल्या क्लबात तो अनुभवला आहे. हा फरक खरा आहे. शिवाय मागच्या साईटचा स्क्रू पहिल्या पाचशे छर्ऱ्यांत दोनदा ढिला झाला. बहिणीनं त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकला, तेव्हापासून हललेला नाही.

लहान बशी आणि शर्टाचं बटण

दहा मीटरच्या टार्गेटचा मधला काळा गोल ५९.५ मिलिमीटरचा असतो, जेमतेम कचोरीएवढा. त्यातला दहा गुणांचा गोल ११.५ मिलिमीटर, म्हणजे शर्टाचं बटण. मी आधी पिस्तूल टेबलावर वाळूच्या पिशव्यांमध्ये घट्ट बसवून दहा छर्रे मारले. दहाही एकमेकांत मिसळलेल्या एका भोकात, पसारा साधारण ८ मिलिमीटर. मग तेच पिस्तूल एका हातात, नियमाप्रमाणे हात पूर्ण लांब करून, दहा छर्रे. पसारा १०० मिलिमीटरच्या आसपास. लहान बशीएवढा.

दिवसभर मी जे काम करतो त्यात हा प्रसंग रोज येतो. प्रोग्रॅम हळू चालतोय, टीममधला कुणी म्हणतो सर्व्हर मोठा घ्या. आपण मोजून बघतो तर वेळ भलतीकडेच जात असतो. इथेही तेच गणित लावलं. पिस्तुलाची चूक आणि हाताची चूक एकमेकींशी संबंध नसलेल्या. अशा चुका सरळ बेरजेत मिळत नाहीत. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं. हात १००, पिस्तूल ८ : एकूण पसारा १००.३. आता समजा, दोन लाखांचं पिस्तूल आणलं आणि त्याचा पसारा ५ निघाला : एकूण १००.१. दीड लाखांहून जास्त खर्च आणि सुधारणा ०.२ मिलिमीटर.

पहिल्या दिवशी साठ छर्ऱ्यांत माझे ६०० पैकी ४१८ झाले. बहीण आठ महिन्यांत ५४८ वर आली. माझा आकडा सांगत नाही, लेख तिच्याबद्दल आहे. तिचा पसारा आता ४० मिलिमीटरच्या जवळ असतो. तिच्यासाठी तेच गणित : या पिस्तुलानं ४०.८, त्या पिस्तुलानं ४०.३. एका गुणाची रिंग ८ मिलिमीटर रुंद असते. अर्ध्या मिलिमीटरनं कुठेतरी एखादी रेष कापली जाईल, एखादा गुण वाढेल. तुलनेसाठी : पॅरिसला २०२४ मध्ये मनू भाकरनं याच प्रकाराच्या पात्रता फेरीत ५८० केले आणि पुढे कांस्य मिळवलं. ५४८ पासून तिथपर्यंतचे ३२ गुण दुकानात मिळत नाहीत.

गणिताला एक मर्यादा आहे, तीही सांगतो. पसाऱ्यात भरवसा दिसत नाही. हीच मनू २०२१ मध्ये टोकियोत पात्रता फेरीत असताना तिच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. ते काही स्वस्तातलं पिस्तूल नव्हतं. म्हणजे यंत्र कुठलंही असो, बिघडू शकतं. ज्याला आपलं यंत्र स्क्रूपर्यंत ठाऊक आहे त्याची घबराट जरा कमी होते, इतकंच. मावसबहीण आता आमचं पिस्तूल डोळे झाकून खोलते. गोदामातल्या रेंजचा हा एक फायदा : इथे दुरुस्तीला द्यायला कुणी नाही.

पॅरिस ऑलिंपिकमधला तुर्कस्तानचा युसुफ डिकेच तुमच्या फोनमध्ये मीम म्हणून येऊन गेला असेल : साधा चष्मा, टी-शर्ट, एक हात खिशात, आणि मिश्र सांघिक रौप्यपदक. लोकांना तो हात खिशात घालणं म्हणजे बेफिकिरी वाटली. खरं तर मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवणं ही नेहमीची पद्धत आहे, नाहीतर तो हात लोंबकळून शरीर डोलवतो. बहिणीच्या सलवारीला खिसा नव्हता. मावशीनं न बोलता शिवून दिला.

पाच गोळ्या, तीन सेकंद

पण प्रश्न पुढचा होता. मुलींसाठी एअर पिस्तुलानंतरचा रस्ता बहुतेक वेळा २५ मीटर पिस्तूल प्रकाराकडे जातो. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात. एशियाडच्या नेमबाजीत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. हे पिस्तूल .२२ चं, खऱ्या काडतुसांचं आणि सेमी-ऑटोमॅटिक. मावशीसमोर दिवाळीचा हिशोब मांडायच्या आधी ते काय प्रकरण आहे, हे मला हाताला कळायला हवं होतं. म्हणून महाराष्ट्र एक्सप्रेस पकडून पुण्याला गेलो. ही गाडी वाटेत भुसावळच्या अलीकडे वरणगाववरून जाते, तिथे ऑर्डनन्स फॅक्टरी आहे आणि लष्कराची काडतुसं बनतात. या रुळांवरून शंभरदा गेलो असेन. काडतूस हा शब्द पहिल्यांदाच त्या स्टेशनाशी जोडून मनात आला.

क्लबचं पिस्तूल, क्लबच्या परवान्यावरचं, रेंजच्या भिंतींच्या आत आणि प्रशिक्षक खांद्यामागे. तिथल्या पिस्तुलांतलं हे सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत स्वस्त, नवशिक्यांना देतात ते. मुठीची झिलई असंख्य तळहातांनी घालवलेली.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे सिनेमात दाखवतात तशी चाप धरून ठेवला की बरसात, असं नाही. एकदा चाप ओढला की एकच गोळी. फरक त्यानंतरच्या कामात आहे. गोळी पुढे जाते तशी काडतुसाची रिकामी पुंगळी मागे ढकलली जाते, तिच्या धक्क्यानं बोल्ट मागे जातो, पुंगळी बाहेर फेकतो, घोडा चढवतो, आणि स्प्रिंगनं पुढे येताना मॅगझीनमधलं पुढचं काडतूस उचलून नळीत बसवतो. हे सगळं डोळ्यांची पापणी लवायच्या आत. आवाज कानाच्या आवरणातूनही जाणवतो, जळक्या दारूचा वास येतो आणि पुंगळी उजवीकडच्या जाळीवर टिंग करून आपटते. झटका .२२ ला फार नसतो. मनगटाला कुणीतरी हलकेच टिचकी मारावी तेवढा.

पहिली गोळी बरी गेली. दुसरीही. तिसरीपासून सगळ्या खाली डावीकडे. उजव्या हातानं मारणारा चाप ओढण्याऐवजी झटकायला लागला की गोळ्या तिथेच जातात, हे वाचलं होतं; आता कागदावर दिसलं. या प्रकारात चाप किमान १००० ग्रॅमचा, म्हणजे आमच्या दुप्पट, हेही एक कारण. पण खरं कारण मला परतीच्या गाडीत उमगलं. गोदामात प्रत्येक छर्ऱ्यानंतर पिस्तूल खाली ठेवावं लागतं. लिव्हर उघडा, चिमटीत छर्रा घ्या, बसवा, बंद करा, श्वास घ्या. वीस-तीस सेकंद जातात आणि मागचा शॉट डोक्यातून निघून जातो. ही सक्तीची विश्रांती आहे, आणि ती आपल्याला फुकट मिळत असते. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल ती काढून घेतं. ते लगेच तयार असतं, आपण तयार नसतो.

स्पर्धेचा दुसरा टप्पा तर याच गोष्टीची परीक्षा आहे. टार्गेट तीन सेकंद दिसतं, सात सेकंद नाहीसं होतं, असं पाच वेळा. हात खाली तिरका धरून थांबायचं, दिसलं की उचलायचा, आणि तीन सेकंदांत एकच गोळी. तो टप्पा मी अर्धाच केला. प्रशिक्षक म्हणाले, "आज एवढं पुरे."

एक मात्र हिशोब करून खूश झालो. २५ मीटरच्या अचूकतेच्या टार्गेटवर दहाचा गोल ५० मिलिमीटरचा असतो. अंतरानं भागलं तर दर मीटरला २ मिलिमीटर. आमच्या गोदामात ११.५ मिलिमीटर दहा मीटरवर, म्हणजे दर मीटरला १.१५. नुसत्या नेमापुरतं बोलायचं तर गोदामातलं बटण त्या मोठ्या रेंजवरच्या गोलापेक्षा अवघड आहे. जिनं पत्र्याच्या छपराखाली हवेच्या पिस्तुलानं हा नेम साधला, तिनं अवघड भाग आधीच सुरू केला आहे.

निघताना झाडूनं पुंगळ्या गोळा केल्या. साठ होत्या. त्या एका तासाच्या काडतुसांच्या पैशात शेगावात छर्ऱ्यांचा पाचशेचा डबा आला असता.

मावशीचा हिशोब

दिवाळीत मी लॅपटॉप घेऊन बसलो. एक्सेलमध्ये सगळं मांडलं होतं : छर्रे, टार्गेटचे कागद, महिन्यातून एकदा प्रशिक्षकाकडे जाणं-येणं, स्पर्धांची फी, दोन वर्षांनी .२२ चा सराव. माझ्या पगारातून किती, काकांकडून किती. मावशी तोंडात सुपारी धरून ऐकत होती. मधेच तिनं हात वर केला.

"पिस्तुलाचे पैसे नको सांगू मले. पोरीचे तास किती लागतात ते सांग."

एक्सेलमध्ये तो रकाना नव्हता. बहिणीनंच उत्तर दिलं. "रोज दीड तास. त्यातला एक तास नुसता भिंतीसमोर."

भिंतीसमोर म्हणजे कोरा सराव. पिस्तुलात ना छर्रा ना हवा. पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, हात उचलायचा आणि फक्त पुढच्या साईटकडे बघायचं, जिला जुने लोक माशी म्हणतात. समोर टार्गेट नसल्यानं कुठे लागलं हा प्रश्नच नाही. चाप ओढला तेव्हा माशी हलली की नाही, एवढंच पाहायचं. जगभरचे नेमबाज हे करतात. याला पैसा लागत नाही, वेळ लागतो. मावशीच्या हिशोबात महाग होतं ते हेच. दहावीचं वर्ष, क्लास, घरातलं काम, आणि त्यातून रोज दीड तास एका भिंतीला द्यायचा.

मी स्वप्नील कुसाळेचं उदाहरण दिलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा मध्य रेल्वेत टीसी, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य. मावशीनं विचारलं, "केव्हापासून करत होता?" २००९ पासून, म्हटलं. तिनं बोटांवर मोजलं. "पंधरा वर्षं," ती म्हणाली आणि गप्प झाली. माझं उदाहरण माझ्यावरच उलटणार असं वाटलं. थोड्या वेळानं तिनं मुलीला विचारलं, "तुले त्या भिंतीपाशी कंटाळा नाही येत?"

"येतो ना. पण मग माशी थांबते एकदम. तेवढ्यासाठी."

ठरलं ते असं. दहावीची परीक्षा होईपर्यंत छर्रे फक्त रविवारी. भिंत रोज, पण अर्धा तास, आणि पहाटे. परीक्षेनंतर पूर्ण दीड तास. .२२ बद्दल बारावीनंतर बोलायचं. नवं पिस्तूल नको, हेच चालेल. हा शेवटचा मुद्दा बहिणीचा. तिच्या मते या मुठीला आता तिचाच हात बसतो, दुसऱ्या पिस्तुलाला पुन्हा लांबी कोण थापणार.

हे यशाच्या गोष्टीसारखं संपत नाही, कारण संपलेलं नाही. ५४८ चं ५५५ होईल किंवा रविवारपुरत्या सरावानं ५४० होईल. ती अकरावीला सायन्स घेईल आणि तो दीड तास क्लासवाले नेतील, हीही शक्यता आहे. शेगावात मी तसं होताना पाहिलं आहे. पण पहाटे साडेपाचला गोदामात दिवा लागतो, आणि मावशी चहा घेऊन पाठीमागच्या दारानं येते, आधी आवाज देऊन.

कुणाला या वाटेनं जायचंच असेल तर सांगतो. पहिलं पिस्तूल स्वस्तातलं घ्या, पण घेण्याआधी एखाद्या क्लबात जाऊन चार जणांची हातात धरून बघा. मुठीवर पैसे वाचवू नका, वेळ घाला. किराण्यातून अर्ध्या किलोचं माप मागून आणा. घरात लहान मुलं असतील तर कुलूप आधी, पिस्तूल नंतर. आणि पंप आदल्या रात्री मारून ठेवा.